एकाच कोटातली माणसं

पेपर हातात आला की मी आधी श्रद्धांजलीचं पान उघडते. लेक म्हणते, आई, सकाळी सकाळी काय हे अभद्र. आता तिला काय सांगू? लोक त्या पानावर नावं वाचतात, मी कोट पाहते. परवा एकाच पानावर तिघं जण एकाच कोटात होते. एक दर्यापूरकडचे, एक बार्शीटाकळीचे आणि एक इथलेच, अमरावतीचे निवृत्त मास्तर. तोंडं वेगळी, आडनावं वेगळी; जिवंतपणी एका पंगतीला बसले असते की नाही कोण जाणे. पण गळ्याखाली तिघं मिळून माणूस एकच. डावा खांदा जरा उतरलेला, टायची गाठ उजवीकडं सरकलेली.

तो माणूस जिवंत आहे. अकोल्याला राहतो. त्या कोटात त्याला मी बसवलं, म्हणून हे मीच लिहिलेलं बरं.

अमरावतीला येण्याआधी माझी सगळी नोकरी अकोल्यातल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये गेली. तिथं तुम्ही नेमकं काय करायच्या, असं कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. छापायचं मशीन सगळ्यांना माहीत असतं. पण गिऱ्हाइकानं आणलेला फोटो आणि मजकूर कोणी तसाच उचलून मशीनवर टाकत नाही. मधे एक माणूस लागतो, जो ती फाइल छापण्याजोगी करतो. तो माणूस मी. सांगायला सोपं आहे, करताना डोळे जातात. पडद्यावरचा रंग म्हणजे उजेड, कागदावरचा रंग म्हणजे शाई, आणि या दोघांचं कधी पटत नाही. पडद्यावरचा हिरवागार शालू कागदावर शेवाळी होतो आणि नवरीची आई भांडायला येते. शाया चारच असतात: निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी. प्रत्येकीची वेगळी प्लेट. चारही प्लेटा एकमेकींवर बरोब्बर बसल्या तर कागदावर चेहरा उमटतो, जरा हलल्या की एका तोंडाला दोन ओठ. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो मोठा केला की त्याचे चौकोन चौकोन होतात. ‘मोबाइलवर तं चकाचक दिसून राह्यला ना मॅडम,’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही त्याला उत्तर देत असेन.

लग्नपत्रिका केल्या, बियाण्यांची पाकिटं केली, क्लासवाल्यांची गुणवंत पोरं रांगेत बसवली. पण माझा हात खरा बसला तो मेलेल्या माणसांवर. वाईट वाटेल ऐकायला, पण तेरवीची पत्रिका आली की मालक बघायचेही नाहीत, थेट माझ्याकडं पाठवायचे. आपल्याकडं माणूस सत्तरी गाठतो तरी घरात त्याचा धड एक फोटो नसतो. असतो तो आधार कार्डावरचा, ज्यात जिता माणूसही गेल्यासारखा दिसतो. नाहीतर कोणाच्या तरी लग्नातला, घोळक्यातला. त्या घोळक्यातून चेहरा अलगद सोडवायचा, खांद्यावरची दुसऱ्याची बोटं पुसायची, फेट्याखाली दडलेला कान दुसऱ्या कानावरून करून घ्यायचा. हे काम मला जमायचं. अभिमान होता मला त्याचा, खोटं कशाला बोलू.

एकदा एक गृहस्थ वडिलांचा फोटो घेऊन आले. फोटो वडील गेल्यानंतर काढलेला, डोळे मिटलेले. म्हणाले, उघडून द्या. मी त्यांनाच समोर खुर्चीवर बसवलं, त्यांच्या डोळ्यांचे फोटो काढले, ते वडिलांना बसवले आणि भोवती सुरकुत्या घातल्या. घरचे लोक पाहून रडले, इतकं साम्य उतरलं. महिनाभरात तेच गृहस्थ फ्रेम काखेत मारून परत आले. तोंड उतरलेलं. ‘मॅडम, डोळे मिटून द्या त्याइचे. घरात कुठंबी बसलो तं मीच माह्याकडं पाहून राह्यलो.’ मी मिटून दिले. तेव्हा मला ते हसण्यासारखं वाटलं होतं.

आता कोटाचं सांगते. तेरवीच्या पत्रिकेवर बाप बंडीत नको, असं पोरांना वाटायला लागलं. जो तो म्हणे, बाबाले कोट घालून द्या. सीडीवर तयार कोट मिळायचे, पण ते सगळे परदेशी अंगाचे. हे रुंद खांदे, ही ताठ मान. त्यावर उन्हात रापलेला आपला चेहरा ठेवला की मानेपाशी जोड दिसायचा, आणि म्हातारा कोणाच्या तरी अंगात घुसल्यासारखा वाटायचा. मला आपल्याकडचं अंग पाहिजे होतं.

आमचे मशीनमन सुधाकरभाऊ. शांत माणूस, शाईनं काळे झालेले हात सतत चिंधीला पुसत उभा. त्याच सुमारास त्यांच्या साळ्याचं लग्न झालं होतं, त्याचा कोट ह्यांच्या घरात होता. मी म्हटलं, भाऊ, आणा उद्या. प्रेसच्या मागच्या अंगणात पांढरी चादर बांधली आणि त्यांना उभं केलं. साळ्याचं माप लहान, बटणं लागेनात, श्वास ओढून लावली. टायची गाठ कोणालाच नीट जमेना, म्हणून तशीच राहिली. मग आत येऊन मी त्यांच्या देखत पडद्यावर त्यांची मान कापली. आमच्या धंद्यात त्याला मुंडकं काढणं म्हणतात. सुधाकरभाऊ मागं उभे राहून हसत होते. म्हणाले, चला, कोणाच्या तरी कामी आलो. कागदाचे गठ्ठे वाहून वाहून त्यांचा डावा खांदा उतरला होता, तो मी सरळ करू शकत होते. नाही केला. फार सरळ केलं की बाहुला दिसतो. खांदा उतरलेला होता म्हणूनच ते अंग कोणाच्याही बापाचं वाटायचं.

आणि ते वाटलंच. एकानं पाहिलं, दुसऱ्यानं मागितलं. आमच्या धंद्यात फाइल कोणाची हे कोणी विचारत नाही. चहा पाजला की पेनड्राइव्ह भरून मिळतो. मूर्तिजापूरच्या फ्लेक्सवाल्यानं नेली, अकोटच्या स्टुडिओवाल्यानं नेली, अमरावतीला मी न देताच पोचली. वऱ्हाडातला जो माणूस जाई, तो सुधाकरभाऊंच्या अंगात जाई.

बरीच वर्षं कोणाला काही वाटलं नाही. मग सुधाकरभाऊ एका नातेवाइकाच्या तेरवीला मूर्तिजापूरजवळच्या एका गावाला गेले. जेवणं शेजारच्या घरी होती. ते पाटावर बसले, वर पाहिलं तर समोरच्या भिंतीवर ते स्वतः. घराचे मालक महादेवराव, जाऊन बरीच वर्षं झालेले. चेहरा त्यांचा, बाकी सगळं सुधाकरभाऊंचं. मोठ्ठी फ्रेम, ताज्या शेवंतीचा हार, खाली तेवता दिवा. परत आल्यावर मला म्हणाले, मॅडम, हार खांद्यावरून उतरून बरोबर छातीवर आला होता. मी म्हटलं, मग चांगलंय ना, मान मिळाला. ते हसले नाहीत.

त्यानंतर त्यांना तो कोट सगळीकडं दिसायला लागला. चौकातल्या फ्लेक्सवर, सलूनच्या आरशावर, दवाखान्याच्या काउंटरमागं. आणि आमच्या मशीनमधून निघणाऱ्या पत्रिकांवर तर रोजच. विचार करा, शाई लावून, दाब देऊन, आपलंच अंग शेकड्यानं छापायचं आणि बाहेर पडलेल्या प्रत्येक कागदावर दुसऱ्याच मेलेल्याचं तोंड. शर्टाचं वरचं बटण लावायचं त्यांनी सोडलं. छातीवर काहीतरी ओलं, जड असल्यासारखं वाटतं म्हणायचे. अकोल्यात दोन डॉक्टर झाले, कार्डिओग्रामच्या पट्ट्या काढल्या, रक्त तपासलं, सगळं चोख.

पितृपक्षात मात्र मी घाबरले. दुपारी सगळे डबे उघडून बसायचे आणि सुधाकरभाऊ मशीनपाशीच उभे. मी दटावलं तेव्हा जवळ आले आणि कोणी ऐकत नाही ना ते पाहून बोलले.

‘भूकच नाई लागत मॅडम. पोट भरल्यावानी वाटते. कोणी जेवू घातल्यावानी.’

त्या पंधरवड्यात घरोघर त्या फोटोंसमोर पान वाढलं जात होतं, वडे, खीर, कढी, सगळं. पंधरवडा संपला तरी त्यांची भूक परत आली नाही. आधीच किडकिडीत, आता गालाची हाडं वर आली. दिवाळी गेली, संक्रांत गेली. एक दिवस शोभावहिनी, त्यांची बायको, प्रेसमध्ये आली. कधी प्रेसची पायरी न चढलेली बाई. माझ्या टेबलासमोर उभी राहिली, बसा म्हटलं तरी बसली नाही.

‘मॅडम, त्याइले भिंतीवरून उतरवा. कसं उतरवता ते तुमी पाहा. माह्या जित्या नवऱ्याच्या छातीवर रोज कोणी ना कोणी हार घालून राह्यलं. घरात मी ताट वाढतो, ते नाई म्हणते. माणूस हातचा जाईन माहा.’

मी शिकलेली बाई, विज्ञानाची पदवीधर. दुसऱ्या कोणाला मी सांगितलंही असतं की हे मनाचे खेळ आहेत. तिला नाही सांगता आलं. रागही आला, स्वतःचाच. एवढी वर्षं माणसांची मुंडकी उचलून इकडची तिकडं लावली, अंगालाही कोणी धनी असतो हे डोक्यात आलं नाही.

मी नवं अंग तयार करायला घेतलं. ह्या वेळी कोणाचंच नाही असं. एका कोटाची बाही, दुसऱ्याची कॉलर, खांदे तर मी हातानंच काढले, सरळ, दोन्ही बाजूंनी सारखे. मला जमलं ते, देखणं जमलं. गावोगाव गेलेल्या फाइली परत येणार नव्हत्या, पेनड्राइव्हच्या पोटातून कोण काय काढणार. पण शोभावहिनीचं म्हणणं होतं, निदान ते एक घर सोडवा. त्या भिंतीवर त्यांनी स्वतःला पाहिलं, तिथंच ते अडकले आहेत. महादेवरावांचा चेहरा माझ्या कॉम्प्युटरवर होताच, कारण ती पत्रिका मीच केलेली. नव्या अंगावर तो बसवला, तेवढ्याच मापाची फ्रेम करून घेतली. विजयला, म्हणजे महादेवरावांच्या मुलाला, फोन केला. जुना फोटो उन्हानं पिवळा पडला असेल, प्रेसकडून नवा देतो म्हटलं. तो खूश झाला. सुधाकरभाऊंना म्हटलं, चला, तुम्ही डोळ्यांनी बघा उतरवताना.

वैशाख होता. मूर्तिजापूरला गाडीतून उतरलो आणि ऑटो केला. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे रूळ गवतात बुडालेले, त्यांच्यावरून ऑटो धडधडत गेला. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आपल्याकडची ती वेळ मला रात्रीपेक्षा वाईट वाटते. सगळं लख्ख दिसतं आणि त्यात कोणीच नसतं. सुधाकरभाऊंच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, वरची बटणं उघडी. घर आलं तशी म्हणाले, तुमी व्हा पुढं, फोटो उतरला की येतो मी. आणि समोरच्या निंबाखाली थांबले.

आत गार होतं, अंधारं होतं. विजयनं पाणी दिलं. खाटेवर त्याची आई देवकाबाई बसलेल्या, तोंड भिंतीकडं. मी नमस्कार केला, त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान हलवली. विजय स्टुलावर चढला, जुनी फ्रेम खिळ्यावरून काढून भिंतीला टेकवून ठेवली, तिच्यावरचा हार उतरवून नव्या फ्रेमला घातला. नवा फोटो खरंच सुरेख दिसत होता. महादेवराव ताठ, तरतरीत. विजय खाली उतरून पाहत राहिला आणि म्हणाला, वा.

‘हा कोण लावला रे?’ देवकाबाईंनी विचारलं.

‘बाबाच हायेत. नवा फोटो हाय.’

‘हे नाई ते.’ त्यांनी एवढंच म्हटलं. रागानं नाही. परका माणूस घरात आल्यावर आवाज बदलतो ना, तसा बदलला. हातानं खाटेच्या कडा चाचपायला लागल्या, जसं उठून कुठं जायचं आहे. ‘कुठं गेले ते?’

विजय ओशाळला. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात सांगायला लागला. ‘तिले चेहरा दिसतच नाई आता. मोतीबिंदू पिकला, आपरेशनले हो म्हणत नाई. आकार तेवढा दिसते. फोटोतबी तिले त्याइचा तो खांदाच दिसते. सकाळी उठून त्याच्याशीच बोलते.’

इतकी वर्षं ती बाई ज्याच्याशी बोलत होती, त्यातलं महादेवरावांचं काहीच तिला दिसत नव्हतं. दिसत होते ते आमचे सुधाकरभाऊ. आणि मी ते आत्ताच उतरवून ठेवले होते.

त्याच वेळी दार काळवंडलं. फोटो उतरला असेल अशा हिशेबानं सुधाकरभाऊ उंबऱ्यात येऊन उभे राहिले होते. मागून रणरणतं ऊन, त्यामुळं मलासुद्धा त्यांचं तोंड दिसेना. दिसत होते फक्त दोन खांदे, डावा उतरलेला.

देवकाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

‘आले काय जी?’ त्या म्हणाल्या. ‘लय उशीर केला.’

सुधाकरभाऊंनी माझ्याकडं पाहिलं, मी विजयकडं. मला वाटलं आता हा माणूस वळून पळत सुटणार. गेले कित्येक महिने ज्या गोष्टीची त्याला भीती होती, ती समोर येऊन त्याच्याशी बोलत होती. पण ते पळाले नाहीत. चपला काढल्या आणि आत आले.

‘कोट काहाडून बसा ना,’ देवकाबाई म्हणाल्या. ‘गरमी पाहा कितीक हाय. कवापासून घालूनच उभे आहा.’

मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. सुधाकरभाऊंचा हात छातीकडं गेला. जिथं शर्टाचं बटण नव्हतं तिथं त्यांनी वरचं बटण काढलं, मग खालचं. त्या कोटाला दोनच बटणं होती, ती पडद्यावर मी स्वतः चमकवली होती, मला माहीत आहे. मग डावी बाही काढली, उजवी काढली. घाई नव्हती त्यांना. देवकाबाईंनी दोन्ही हात पुढं केले होते. त्या हातांवर सुधाकरभाऊंनी ते, मला न दिसणारं, ठेवलं. देवकाबाईंनी घेतलं, हातावर हात फिरवून सारखं केलं आणि मांडीवर ठेवलं.

सुधाकरभाऊ जमिनीवर बसले. पाण्याचा तांब्या उचलून तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. त्यांची छाती वरखाली होताना मला दिसत होती, पळून आलेल्या माणसासारखी. तोंडावरून पाणी की घाम, काय ते ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. विजयनं कोणी न सांगता स्टूल ओढलं, नवी फ्रेम काढून माझ्या हातात दिली आणि जुनी परत तिच्या खिळ्याला अडकवली. मी त्याला थांबवलं नाही. शोभावहिनीला काय तोंड दाखवू, एवढंच मनात येत होतं.

बऱ्याच वेळानं सुधाकरभाऊ उठले. दारापर्यंत गेले आणि तिथं थांबले, पाठमोरेच. पाय उंबऱ्याबाहेर पडेना. मग ह्या वयाच्या, नातवंडं असलेल्या माणसानं एखाद्या पोरानं विचारावं तसं विचारलं.

‘जाऊ काय?’

‘जा ना जी,’ देवकाबाई म्हणाल्या. ‘कोट राहू द्या.’